भूपाल चौगुले यांचा आरोग्यांक

मेघदीप कास्टिंग्ज या कंपनीच्या २०३९ सालच्या वार्षिक अहवालात, पृष्ठ अकरावर, हिरव्या चौकटीत तीन वाक्ये छापली आहेत. पहिले: ‘निरामय या कर्मचारी-आरोग्य योजनेवर खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे कंपनीला तीन रुपये ऐंशी पैशांचा लाभ झाला.’ दुसरे: ‘योजनेच्या तीन वर्षांत आजारपणाच्या रजा त्रेसष्ट टक्क्यांनी घटल्या.’ तिसरे: ‘या काळात आजारपणाच्या कारणावरून एकाही कामगाराला कामावरून कमी केलेले नाही.’

पहिल्या वाक्यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. योजनेत उत्साहाने भाग घेणाऱ्यांची तुलना भाग न घेणाऱ्यांशी केली, आणि पहिले दुसऱ्यांपेक्षा निरोगी निघाले. सकाळी साडेसहाला योगासनांच्या सतरंजीवर हजर होणारा माणूस मुळातच साडेसहाला उठू शकणारा असतो, ही शक्यता अहवालकर्त्यांना सुचली नाही. डोंगरावरच्या देवळापर्यंत पोहोचलेल्या भाविकांचे गुडघे तपासायचे, पायथ्याच्या टपरीवर चहा पीत बसलेल्यांच्या गुडघ्यांशी त्यांची तुलना करायची, आणि पायऱ्या चढल्याने गुडघे बळकट होतात असा निष्कर्ष छापायचा, अशी ही पद्धत आहे. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही चूक महागात पडते. संचालक मंडळाच्या सभेत तिला टाळ्या मिळाल्या.

दुसरे आणि तिसरे वाक्य मात्र अक्षरशः खरे आहे. ते खरे कसे झाले, हे समजण्यासाठी हातकणंगल्याच्या बाजूला असलेल्या या कारखान्याच्या फेटलिंग विभागात जावे लागेल.

ओतकाम आता यंत्रे करतात. वितळलेले लोखंड साच्यात ओतणाऱ्या यांत्रिक हाताला ना घाम येतो ना पगारवाढ लागते. पण साच्यातून निघालेल्या प्रत्येक नगाला कुठेतरी वेगळी कोर, वेगळा कंगोरा उरतो, आणि तो माणसालाच घासून काढावा लागतो. यालाच फेटलिंग म्हणतात. हे काम जोडीने चालते. एकाने नग धरायचा, दुसऱ्याने ग्राइंडर फिरवायचा, तासाने अदलाबदल. नगाला चिकटलेल्या वाळूचे या घासण्यात पीठ होते. त्यातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. फुप्फुसात खोल शिरलेले हे सिलिकाचे कण बाहेर येत नाहीत; शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधत जाते, आणि फुप्फुसाचा स्पंज हळूहळू चामड्यासारखा होतो. एक्स-रेमध्ये हे दिसू लागते तोवर बहुधा दहा-पंधरा वर्षे उलटलेली असतात.

निरामयची पट्टी या विलंबावरचा उपाय होती. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडू लागतात. ताप, खोकला, धाप ही नंतरची बातमी. निरोप आधी सुटतात: संसर्गात काही दिवस आधी, धुळीच्या आजारात काही वर्षे आधी. त्यांचा अत्यल्प अंश घामात उतरतो. रुपयाच्या नाण्याएवढी ही पट्टी गळ्याच्या हाडाखाली चिकटवली की ती दर सहा मिनिटांनी घामातले हे निरोप मोजते, हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर मोजते, आणि या सगळ्यातून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढते. त्याला आरोग्यांक म्हणतात.

हा शोध थोर आहे. हे विधान उपरोधाने केलेले नाही. ज्याचा आरोग्यांक घसरतो आहे त्याला वेळीच धुळीतून बाहेर काढले, तर त्याची फुप्फुसे पुष्कळ अंशी वाचू शकतात. प्रश्न एवढाच होता की हा आकडा कोणी वाचायचा. कामगाराच्या मोबाइलवर आकडा दिसत नसे. तिथे एक सूर्यफूल दिसे आणि दर सकाळी ‘आज तुम्ही छान आहात’ असा मजकूर येई. आकडा दिसे तो मनुष्यबळ विभागाला.

पट्ट्या चिकटवण्याचे काम कारखान्याच्या दवाखान्यातल्या परिचारिका उज्ज्वला मगदूम यांच्याकडे आले. ‘स्वास्थ्यसखी’ हे नवे पदनाम आणि मोरपंखी जाकीट त्यांना सोबत मिळाले. पहिल्याच दिवशी फेटलिंगच्या रांगेत त्यांचे थोरले बंधू भूपाल चौगुले उभे होते. वय सेहेचाळीस, फेटलिंगमध्ये नऊ वर्षे, तीही ठेक्यावर. दर तीन महिन्यांनी गेटचा पास नवा व्हायचा, तरच काम चालू राहायचे. त्यांच्यामागे त्यांचे जोडीदार, एकतीस वर्षांचे इलाही मुल्ला, दोन वर्षांपूर्वी आलेले.

“आण्णा, वरची दोन बटनं काढ,” उज्ज्वला म्हणाल्या.

“एवढ्या मान्सांत?”

“सिस्टर, त्येंना पडदा लावून द्या,” इलाही मागून म्हणाले. “आन् ह्यात आमच्या शिव्या बी रेकॉर्ड हुत्यात काय?”

“घाम रेकॉर्ड होतो.”

“मग आण्णांचं काय खरं न्हाई. ह्येंचा घाम सुपरवायझर आल्यावरच सुटतो.”

रांग हसली. भूपाल यांनी पाठीमागे न बघता इलाहींच्या पोटात कोपर मारला आणि बहिणीपुढे छाती उघडी केली. त्या दिवशी भूपाल यांचा आरोग्यांक एकोणऐंशी होता, इलाहींचा अठ्ठ्याऐंशी. यातला पहिला आकडा महत्त्वाचा आहे, कारण पुढची घसरण तिथून मोजायची आहे. धुळीचा आजार कारखान्यातल्या कामानेच झाला असे सिद्ध झाले, तर कामगाराला जन्मभर उपचार आणि ऑक्सिजन देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. सिद्ध झाले नाही, तर तो आजार माणसाचा खासगी मामला ठरतो.

*

दर सोमवारी सकाळी उज्ज्वला एक यादी छापत. आरोग्यांक चाळीसच्या खाली गेलेल्यांची नावे तिच्यात असत. यादीचे शीर्षक ‘विश्रांती-शिफारस’. ती मनुष्यबळ प्रमुख शैलेंद्र भाटवडेकर यांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. या माणसांना धूळ नसलेल्या विभागात हलवतील, अशी उज्ज्वला यांची समजूत होती. आरंभी एक-दोघांना गोदामात हलवलेही. मग यादीतली माणसे गोदामातही दिसेनात.

“साहेब, गेल्या यादीतली तीन माणसं कुठं दिसली नाहीत,” एका सोमवारी त्यांनी विचारले.

“पास संपले असतील, मॅडम. बसा ना. ग्रीन टी घेणार?”

“तिघांचेही? एकाच आठवड्यात?”

भाटवडेकर सौम्य गृहस्थ होते. कामगारांच्या मुलांच्या वाढदिवसांना ते आठवणीने संदेश पाठवत. “हे बघा, आकडा काय सांगतो? हा माणूस थकलाय, याला विश्रांती हवी. अशा माणसाला मी पुन्हा त्या धुळीत ढकलू? मला तरी ते माणुसकीला धरून वाटत नाही.”

“मग यादी डॉक्टरांना दाखवू? बुधवारी येतात ते.”

“डॉक्टरांनी पाहिलं की ते निदान झालं. आणि आकड्यावरून परस्पर निदान म्हणजे कामगाराच्या गोपनीयतेचा भंग. आपल्या हातून बेकायदा काही व्हायला नको.”

तर असे होते. दाहाचे निरोप घामात उतरत, आकडा चाळीसच्या खाली जाई, आणि पास नवा होत नसे. आजार उघड व्हायचा तेव्हा तो कारखान्याच्या कोणत्याही कामगाराला झालेला नसायचा, कारण माणूस तोवर कामगार उरलेला नसायचा. कोणाला काढले नव्हते. पास फक्त संपत होते, आणि पास संपणे हा ऋतुमानासारखा अपौरुषेय प्रकार आहे. त्रेसष्ट टक्के घट यातून आली.

उज्ज्वला यांनी पुढच्या सोमवारीही यादी छापली. घरात बारावीची मुलगी होती, अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला नवरा होता. ज्यांना यात क्षुद्रपणा दिसतो त्यांनी स्वतःच्या टेबलावरच्या कागदांकडे एकदा पाहावे.

*

एकोणिसाव्या महिन्यातल्या एका शनिवारी, पुढच्या सोमवारच्या यादीचा कच्चा मसुदा पडद्यावर आला. सहावे नाव: चौगुले भूपाल, फेटलिंग, अडतीस.

पहिली पाळी संपवून भूपाल घरी आले होते. जैनाचे घर, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचे, म्हणून साडेपाचलाच पाट मांडलेला. त्यांना मोटारसायकलवरून सोडायला आलेले इलाही उंबऱ्याशी ताकाचा पेला घेऊन बसले होते.

“उज्जा, आलीस? बस, भाकरी गरम हाय.”

“आण्णा, तुझा आकडा अडतीस आलाय.”

भूपाल यांचा हात ताटात थांबला. यादीत नाव येण्याचा अर्थ एव्हाना अख्ख्या फेटलिंगला कळला होता.

“माजं फूल तर सकाळी हसत हुतं की.”

“ते सगळ्यांचंच हसतं. तू ऐक. छातीचं काहीतरी सुरू झालंय. हे काम सोड आणि तपासून घे.”

“सोडून कुठं जाऊ? चाळिशी उलटलेल्या फेटलिंगवाल्याला कोन दारात उभा करतंय? आन् तपासलं, कागदावर आलं, की पास बंद. पास कवा संपतोय?”

“एकोणतीसला.”

“म्हंजी बारा दिस,” भूपाल म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले, कारण सूर्य थांबणार नव्हता.

इलाहींनी पेला खाली ठेवला. “ताई, फेटलिंगची रीत तुमाला ठावं हाय. जोडीदाराचा खाडा जोडीदारानं भरायचा. आण्णांची पट्टी माज्या छातीला लावा.”

“वेडा आहेस का तू?”

“त्यात येडं काय? जागा हाय हितं. दोन सहज मावत्यात.”

“आन् तुजं काळीज दोघांत चालवनार व्हय रं?” भूपाल म्हणाले.

“चालवतो की. भाडं तेवढं येळंवर द्या.”

भूपाल हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. सोमवारी सकाळी, यादी छापण्याआधी, उज्ज्वला यांनी दवाखान्याचे दार लोटून घेतले आणि इलाहींच्या छातीवर दुसरी पट्टी चिकटवली. भूपाल यांच्या छातीवर त्यांनी साधी, रिकामी चिकटपट्टी लावली. यादी छापेपर्यंत भूपाल चौगुले यांचा आरोग्यांक चाळीसच्या वर सरकला होता; आठवडाभरात तो चौऱ्याऐंशी झाला.

पट्टी घडवणाऱ्यांनी लबाडीचा विचार केला नव्हता असे नाही. पट्टी काढून खिशात ठेवली तर ती लगेच ओरडे. कुत्र्याला चिकटवली तरी तिला कळे. पण एखादा माणूस स्वतःच्या घामावर दुसऱ्याचे नाव वागवेल, ही कल्पना त्यांना शिवली नव्हती. दोन कामगारांच्या ठोक्यांच्या मूळ नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या, तर एका मिनिटात सारे उघड झाले असते. तसे पाहण्यास मनाई होती. कलम चौदा: ‘कामगारांच्या गोपनीयतेच्या रक्षणार्थ, हेतुपुरस्सर गैरप्रकाराची लेखी कबुली असल्याखेरीज मूळ नोंदी उघडल्या जाणार नाहीत.’

*

पास वाचला. भूपाल आणखी चौदा महिने त्याच धुळीत उभे राहिले. हीच त्या तिघांची चूक. जोडीदाराची हजेरी भरता येते, त्याच्या वाटची धूळ ओढून घेता येत नाही. हे तिघांनाही कळत होते. पण फुप्फुसाचा हिशेब काही वर्षांनी होणार होता आणि पासाचा बारा दिवसांत.

मग एका दुपारी ग्राइंडर हातात असताना भूपाल खाली बसले, ते उठलेच नाहीत. सरकारी रुग्णालयातल्या एक्स-रेने दोन्ही फुप्फुसांतला सिलिकोसिस दाखवला. उपचारांच्या अर्जाला कंपनीने दिलेले उत्तर सभ्य भाषेत आहे: ‘श्री. चौगुले यांचा आरोग्यांक गेले चौदा महिने सातत्याने ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी असल्याचे नोंदींवरून दिसते. त्यापूर्वी दिसलेली घसरण आठवड्याभरात आपोआप भरून निघाली, यावरून ती यंत्रदोषामुळे होती हे स्पष्ट आहे. सबब, सदर आजाराचा कारखान्यातील कामाशी संबंध नाही. श्री. चौगुले यांना उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.’

एकोणऐंशीवरून अडतीसपर्यंतची एकोणीस महिन्यांची घसरण हा एकमेव पुरावा होता, आणि तो चौऱ्याऐंशीने खोडून टाकला होता. ते चौऱ्याऐंशी कोणाचे, हे फक्त तिघांना ठाऊक होते.

भूपाल यांच्या पलंगाशेजारी उसने आणलेले ऑक्सिजनचे यंत्र घरघरत होते. ते तीन-तीन शब्दांनी बोलत. “उज्जा... तू तोंड उघडायचं... न्हाई. नोकरी जाईल. नर्सिंगचा... कागद जाईल. पोरीचं शिक्षान... हाय.”

“आणि तुझा ऑक्सिजन?”

“हाय तवर... हाय.”

“आण्णा, तुमी गप बसा, दम लागतोय,” इलाही म्हणाले. मग उज्ज्वला यांच्याकडे वळले. “ताई, माजा पास गेला तर जाऊंदे, गवंड्याच्या हाताखाली जाईन मी. पर त्या कागदात आण्णांच्या नावावर माजी छाती लिवलीया. त्या छातीचा दाखला देऊन ते आण्णांना हाकलाय लागल्यात. माजी छाती मला माघारी पायजे.”

उज्ज्वला यांनी दुसऱ्याच दिवशी कंपनीला पत्र लिहिले: भूपाल चौगुले यांची पट्टी दुसऱ्याच्या छातीवर होती, त्याबाबत मला निवेदन करायचे आहे. कंपनीने तत्परतेने चौकशी नेमली. त्या चौकशीत आरोपी एकच होती, परिचारिका.

सुनावणीच्या दिवशी, चौकशी अधिकारी येण्यापूर्वी, भाटवडेकर त्यांच्याजवळ येऊन बसले. त्यांचा स्वर खरोखर कळवळ्याचा होता.

“मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. सांगा की खोक्यात पट्ट्यांची सरमिसळ झाली. अनवधान. आठ दिवस निलंबन, विषय संपला. नोकरी राहते, नोंदणी राहते.”

“अनवधान असेल तर मूळ नोंदी उघडतील?”

“त्याची गरजच उरत नाही ना मग.”

“म्हणजे अडतीस हा यंत्राचा दोषच राहील.”

भाटवडेकरांनी खाली पाहिले. “मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

“मला माहीत आहे, साहेब,” उज्ज्वला म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांच्याच भल्याचं बघता.”

त्या दिवशीच्या निवेदनाने कलम चौदाची अट पुरी झाली आणि कंपनीला मूळ नोंदी उघडाव्या लागल्या. दोन नावांखाली चौदा महिने एकच हृदय चालत होते. अडतीस हा आकडा त्याच्या खऱ्या मालकाकडे परत गेला. भूपाल चौगुले यांचा आजार कारखान्याचा ठरला, आणि उपचार सुरू झाले. इलाहींचा पास संपला. उज्ज्वला मगदूम बडतर्फ झाल्या; त्यांच्या परिचारिका-नोंदणीचे प्रकरण अद्याप परिषदेपुढे आहे. कंपनीच्या दप्तरात त्यांचे निवेदन ‘आरोपीची कबुली’ या मथळ्याखाली आहे. ते शब्दशः असे:

“मी उज्ज्वला दादासाहेब मगदूम, वय बेचाळीस, पूर्ण शुद्धीवर सांगते. भूपाल चौगुले यांची पट्टी मी जाणूनबुजून इलाही मुल्ला यांच्या छातीवर चिकटवली. सरमिसळ झाली नाही. चौदा महिने, दर महिन्याला पट्टी बदलताना, मी ती परत तिथंच लावली. कल्पना दुसऱ्याची असेल, हात माझा होता. दोघांच्या नोंदी काढून बघा, ठोक्याला ठोका जुळेल. अडतीस हा आकडा माझ्या भावाचाच होता. आरोपपत्रात एवढंच विचारलंय. पण माझं सांगून झालेलं नाही. त्याच्या आधी मी सदतीस नावं छापून दिली. पुढं ती माणसं कुठं जातात, हे मला दहाव्या नावापर्यंत कळलं होतं. त्यातल्या एकालाही मी दवाखान्यात बोलावून, बाबा, छाती तपासून घे, एवढं म्हटलं नाही. पट्टी बदलली ती एकट्या भावासाठी. आणि त्याच्यानंतर पण यादी छापतच राहिले, कुणाला शंका यायला नको म्हणून. ती चोवीस नावं. पट्टीची काय शिक्षा असेल ती द्या, मी घेते. यादीचं मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीच कबूल करते. ही एकसष्ट माणसं आता कुठं कुठं असतील, त्यांना त्यांचा आकडा अजून माहीत नाही. मला सगळे पाठ आहेत. लिहून घ्या. आनंदा शिवगोंडा कोरे, फेटलिंग, छत्तीस. रमजान बाबालाल नदाफ, फेटलिंग, एकोणचाळीस. साहेब, तुम्ही लिहायचं थांबलात. लिहा, मी हळू सांगते.”